पुकारलेली गाडी

१४ डिसेंबर २०२४, शनिवार, सायंकाळी सहा वाजून बेचाळीस मिनिटे. बीदरमधील एका महाविद्यालयाच्या मैदानावर मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि माझ्या उजव्या हातात स्टॉपवॉच होते. रंगमंचावर खाकी शर्टातला, सत्तेचाळीस वर्षांचा, कानावर पेन्सिल खोचलेला एक माणूस माईकसमोर उभा होता. त्याच्या आधी येऊन गेलेल्या तीन तरुण रॅपरांनी मैदान चांगलेच तापवले होते. 'फलाट सात' हे त्याचे मंचावरील नाव पुकारले गेले तेव्हा शिट्ट्या झाल्या, टाळ्या झाल्या, आणि मग लोक ऐकण्यासाठी गप्प झाले. त्याने तोंड उघडले नाही.

त्याने ते उघडूच नये अशी माझी इच्छा होती. ती पुरी होईल याची मात्र मला खात्री नव्हती. त्याच दिवशी सकाळी मी नोंदवलेला आकडा सात पूर्णांक तीन होता, आणि तो दहाच्या वर असायला हवा होता.

आकड्याचा अर्थ सांगण्याआधी माणूस सांगितला पाहिजे.

हणमंतअण्णा बीदरच्या बसस्थानकावर कंट्रोलर आहेत. सातव्या फलाटाला लागून काचेची एक खोली आहे. आलेल्या गाडीची नोंद करणे, तिला फलाट नेमून देणे आणि ती माईकवर पुकारणे हे त्या खोलीतले काम. नियमाप्रमाणे गावाचे नाव व फलाटाचा क्रमांक दोनदा सांगितला की काम संपते. अण्णांचे तेथून सुरू होई. गाडीवरची पाटी कन्नडमध्ये. औराद-भालकीकडचे प्रवासी घरी मराठी बोलणारे, जहिराबादकडचे दखनी आणि तेलुगू बोलणारे, आणि त्यांतील अनेकांना कोणतीच पाटी वाचता येत नसे. या सर्वांना आपली गाडी कानाने सापडावी म्हणून अण्णा वाटेतली गावे क्रमाने सांगत, ज्या गावाची जी भाषा त्या भाषेत सांगत, आणि मध्ये उपदेशही करत. औरादची गाडी लागली की स्थानकभर घुमे:

"औरादवाले मागं व्हा, संतपूरवाले म्होरं,
जागा धराया खिडकीतून टाकू नका पोरं!"

खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची आमच्याकडची रीत आहे. पोर टाकलेले मी कधी पाहिले नाही. पण अण्णांचे म्हणणे असे की, वेळ आली तर ही माणसे तेही करतील.

मी मन्नाएखेळ्ळीची. बारावीपर्यंतची दोन वर्षे मी रोज चिंचोळीच्या गाडीने बीदरला ये-जा केली. अण्णा माणसांना नावाने ओळखत नसत; उतरण्याच्या ठिकाणावरून ओळखत. मला ते 'मन्नाएखेळ्ळी' म्हणत. "काय मन्नाएखेळ्ळी, आज लौकर सुटलं व्हय कालेज?" पलीकडे उभ्या असलेल्या वयस्कर शिक्षकांना ते तितक्याच आदराने 'हळ्ळीखेड सर' म्हणत. त्यांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळे असत. डावे बरोबर चाले, उजवे चार मिनिटे पुढे. मी ते माझ्या घड्याळाशी ताडून पाहिले होते. कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "डावं डेपोचं, उजवं पब्लिकचं. म्हातारं माणूस चार मिनटं उशिरानंच येतंय. त्येला गाडी घावली पायजे का नको?" म्हणजे लोकांना वेळ सांगायची ती उजव्या घड्याळातली, आणि गाडी सोडायची ती डाव्यातल्या वेळेला. मोजमापातील चूक ही अशी जाणीवपूर्वक, दुसऱ्याच्या सोयीसाठी राखून ठेवता येते, हे मी प्रथम तेथे पाहिले.

चिंचोळीच्या गाडीसाठी त्यांचा एकच चरण होता. "चिंचोळी, चिंचोळी, हायवे ओलांडून जायची." एका संध्याकाळी मी पुस्तकात डोके घालून बसले आणि माझे गाव मागे टाकून थेट चिंचोळीला पोहोचले. वडील मोटारसायकलवरून न्यायला आले. ही वार्ता ड्रायव्हरमार्फत बीदरला गेली असावी, कारण दुसऱ्या दिवशी दुसरा चरण जोडलेला होता: "मन्नाएखेळ्ळी उतरणारी, दाराजवळ ऱ्हायची!" संपूर्ण स्थानक हसले. त्या दिवसापासून मी दाराजवळ उभी राहू लागले.

बारावीच्या परीक्षेतील भौतिकशास्त्राच्या पेपरच्या दिवशी मी हॉल तिकिटाची फाइल गाडीतच विसरले. लक्षात आले तेव्हा ती गाडी परतीच्या वाटेला लागून पंधरा मिनिटे झाली होती. मी काचेच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले.

"रडायलीस कामून?" अण्णांनी विचारले. मी सांगितले. "गाडी नंबर?" मी तो लगेच सांगितला.

"बग," ते शेजारच्या लिपिकाला म्हणाले, "फाइल इसरली, पर नंबर न्हाई इसरली. असलं माणूस नापास कसं व्हईल?"

त्यांनी ड्रायव्हरला फोन केला. समोरून बीदरकडे येणारी गाडी त्याला कोठे भेटेल याचा हिशेब त्यांनी तोंडीच केला. आमच्या भागातील ड्रायव्हरांची एक पद्धत आहे: समोरासमोर आलेल्या दोन गाड्या रस्त्यात क्षणभर शेजारी उभ्या राहतात आणि खिडकीतून खिडकीत डबे, औषधे, निरोप दिले जातात. त्या दिवशी माझी फाइल दिली गेली. पेपरला बारा मिनिटे शिल्लक असताना ती माझ्या हाती आली. मी अण्णांना धन्यवाद देऊ लागले, तर त्यांनी माईक माझ्या पुढ्यात सरकवला. "मला कामून? मी काय केलो? थँक्यू ड्रायव्हरला म्हण. त्यो बग, चा प्यायलाय. माईकवर म्हण, समद्यांना कळू दे."

मी माईकशी वाकले. पाच-सहा सेकंद संपूर्ण बसस्थानकाने माझा नुसता श्वास ऐकला. अण्णांनी शांतपणे बटण बंद केले.

"श्वास चांगला हाय," ते म्हणाले. "शब्द मागनं येतील. पळ."

पुढे मी वाचा आणि श्रवण या शास्त्राच्या पदवीसाठी दूरच्या शहरात गेले. हा विषय मी का निवडला असे मुलाखतीत विचारले गेले, तेव्हा मी मेंदू, स्वरयंत्र व समाजातील गरज यांविषयी सुसंगत उत्तर दिले. बसस्थानकाचा उल्लेख केला नाही. ती त्रुटी होती.

मी नसतानाच्या काळात अण्णांचे रॅपर झाले. ते घडवले रुबिनाने. ती वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. दखनीत रॅप लिहिणाऱ्या मुलामुलींचा तिचा एक गट आहे. जहिराबादच्या गाडीची वाट पाहताना तिने अण्णांचे पुकारणे फोनवर टिपले, घरी त्याखाली ताल घातला आणि दुसऱ्या दिवशी खिडकीशी येऊन ते ऐकवले.

"अण्णा, तुमे तो रॅप करतैं, मालूम है क्या?"

"मी? मी गाड्या सोडायलोय, बाई."

"हौ, वहीच तो बोल री मैं!"

त्यानंतर सुटीच्या दिवशी अण्णा त्यांच्यात जाऊन बसू लागले. मंचावर ते बसस्थानकाचेच बोलत. फक्त गाडी नसे. "पाटी कन्नडात, पिशवी मराठीत, भांडण दखनीत चालू, गाडी कुणाची इच्चारू नका, आदी चढा, मग बोलू!" मुले त्यांच्याकडून दम कसा पुरवायचा ते शिकत आणि अण्णा मुलांकडून थांबायचे कोठे ते. अण्णांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे होती. वडील निंबर्ग्याच्या बाजूला रानोरान हिंडत. घरात खाकी चढवणारे अण्णा पहिले. "बापानं मेंढरं हाकली, मी माणसं हाकायलोय," असे ते म्हणत, "मेंढरं ऐकत हुती, येवढाच फरक."

गेल्या दसऱ्याच्या सुटीत मी बीदरला उतरले आणि स्थानकावरच्या आवाजात काहीतरी मोडल्याचे मला फलाटावरच जाणवले. गणपतीच्या दिवसांत माईक बिघडला होता आणि त्याचा सुटा भाग बाहेरून यायला सतरा दिवस लागले. ते सतरा दिवस अण्णांनी सात फलाटांवर नुसत्या घशाने गाड्या पुकारल्या. माईक चालू झाला तेव्हा त्यात घालायला आवाज उरला नव्हता. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहून सांगितले होते की स्वरतंतूंवर गाठी आल्या आहेत. आणखी ताण दिला तर शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि तिच्यानंतर हाच आवाज परत येईल याची हमी देता येणार नाही.

आमच्या शास्त्रात एक साधी चाचणी असते. खोल श्वास घ्यायचा आणि 'आ' किंवा 'ई' जितका वेळ धरता येईल तितका धरायचा. स्वरतंतू नीट मिटत नसतील तर हवा निसटते आणि आवाज लवकर तुटतो. अण्णांचा आवाज चार पूर्णांक आठ सेकंदांत तुटला. मी माझ्या प्राध्यापिकांना कळवले. त्यांनी व्यायाम लिहून दिले आणि मर्यादा घालून दिली: आकडा दहाच्या वर जाईपर्यंत माईक नाही, मंच नाही.

"आन् चौदा डिसेंबर?" अण्णांनी विचारले. तो कार्यक्रम त्यांनी आवाज जाण्याआधी स्वतःच स्थानकावर पुकारला होता, रोज दोन वेळा, पंधरा दिवस.

"रद्द करायचा, अण्णा."

त्यांनी मान हलवली. "पुकारलेली गाडी सुटली पायजे. लागली म्हणून सांगितलो आन् लागली न्हाई, तर फलाटावरच्या माणसानं कुटं जावं?"

हे वाक्य ते कुजबुजत बोलले होते. बोलायचे नाही म्हणून ते दोन आठवडे असेच कुजबुजत होते, दिवसभर, प्रत्येक प्रवाशाशी, आणि त्यालाच विश्रांती समजत होते. कुजबुजतानाही घसा आवळलेलाच राहतो, हे मी त्यांना आकृती काढून समजावले. त्यांनी आकृती लक्षपूर्वक पाहिली, कानावरची पेन्सिल काढली आणि कागदावर लिहिले, "आदी सांगायचं न्हाई व्हय!"

मग मी पहिला व्यायाम करून दाखवला. ओठ सैल मिटायचे आणि त्यांतून हवा अशी सोडायची की ओठ थरथरून 'ब्रर्र' असा आवाज व्हावा. स्वरतंतूंवर ताण न येता श्वासावर ताबा येतो. मला तो सहा सेकंदांवर कधी जमलेला नव्हता. अण्णा माझ्याकडे पाहत राहिले आणि मग खांदे हलवून मुके हसू लागले. पेन्सिल पुन्हा कागदावर आली: "ही तर मेंढरं पाण्यावर आणायची हाक. बापाची."

त्यांनी ओठ मिटले. स्टॉपवॉच चालू करायला मला एक क्षण उशीर झाला, तरीही माझ्या नोंदीत चौदा सेकंद आहेत. खिडकीबाहेर रांगेत उभा असलेला खांद्यावर घोंगडी असलेला एक म्हातारा वळून शोधू लागला, मेंढरे कोठून आली म्हणून. मी छापून आणलेला व्यायामाचा कागद घडी करून पिशवीत ठेवला. त्यांचे वडील तो व्यायाम माझ्या जन्माच्या कितीतरी आधी शिकवून गेले होते.

नोव्हेंबरात आकडा सहा पूर्णांक एक झाला. त्या काळात गाड्या दुसरे सहकारी पुकारत, नियमाप्रमाणे, दोनदा. एके दिवशी औरादच्या दोन म्हाताऱ्या हुमनाबादला जाऊन पोहोचल्या. त्या दिवशी अण्णांनी मला फोनवर एकच ओळ पाठवली: "उद्यापासून मी बोलतो." मी ताबडतोब फोन लावला. त्यांनी तो उचलला, पण बंदी पाळून फक्त ऐकले. मी एकटीच बोलत राहिले. दुसऱ्या दिवसापासून ते खोलीतून उठून फलाटावर उभे राहू लागले आणि म्हाताऱ्या माणसांना दंडाला धरून गाडीपर्यंत नेऊ लागले. हा तोडगा मी सुचवलेला नव्हता.

रुबिनाने सुचवले की मंचावर जुने ध्वनिमुद्रण लावू. अण्णांनी फक्त ओठ हलवावेत. त्यावर त्यांचे लेखी उत्तर: "रिकामी गाडी फलाटाला लावून काय उपेग?"

चौदा डिसेंबरच्या सकाळी, सात पूर्णांक तीन. "अण्णा, बोलणार नाही ना?" मी विचारले. त्यांनी उजव्या मनगटावरचे, पब्लिकचे घड्याळ माझ्यापुढे धरले. हे उत्तर होते की नाही, मला कळले नाही.

आता पुन्हा ते सहा वाजून बेचाळीस मिनिटे.

अण्णा माईकच्या जवळ सरकले आणि त्यांनी ओठ सैल मिटले. ब्रर्र. मोठ्या ध्वनिवर्धकांतून तो आवाज असा आला की शंभर मेंढरे एकदम मैदानात शिरली असावीत. लोक हसले. अण्णांनी कानावरची पेन्सिल काढून माईकच्या दांड्यावर ताल धरला. पुन्हा ब्रर्र. मग त्यांनी हात उंचावून तीन बोटे दाखवली.

कोणालाच काही समजले नाही. मागे कोणीतरी ओरडले, "अण्णा, बोला की!" मी पाहिले, त्यांच्या गळ्याची शीर ताठ झाली, ते बोलणार असे मला वाटले. त्यांनी श्वास घेतला आणि तो पुन्हा ओठांतून थरथरत सोडला. तीन बोटे तशीच वर.

तेव्हा अगदी मागच्या बाजूने एका बाईचा आवाज आला, काहीसा लाजत: "औरादवाले मागं व्हा..." आणि पाच-सहा जणांनी तो उचलला, "संतपूरवाले म्होरं!" पुढची ओळ पन्नास जणांनी म्हटली. तिसरा फलाट औरादचा. अण्णांनी पाचही बोटे उघडली, आणि उजवीकडून कन्नडमध्ये बोलावणारी गर्जना झाली, "हुमनाबाद होगोरू बर्री, बर्री!" एक बोट, आणि रुबिनाचा गट उठून उभा राहिला, "जहिराबाद जाते सो लोगां, इधर आओ!"

प्रत्येकाला फक्त स्वतःच्या गाडीपुरते पाठ होते. संपूर्ण कविता एकट्या अण्णांकडे होती, आणि त्या संध्याकाळी ते ती बोटांनी मागत होते आणि लोक तुकड्यातुकड्याने परत देत होते. कोणी न शिकवता ती इतक्या जणांच्या तोंडी बसली होती. मी अनेक रॅपर ऐकले आहेत. श्रोत्यांच्या घशाने बोलणारा एकच पाहिला.

शेवटी त्यांनी एका हाताची पाच आणि दुसऱ्याची दोन बोटे वर केली. सात. तो चिंचोळीचा फलाट; ओळ कोणी उचलली नाही. चिंचोळीची शेवटची गाडी साडेसहालाच सुटली होती. त्या वाटेचे कोणी थांबलेले असणे शक्य नव्हते. मी त्या रात्री बीदरला मावशीकडे राहणार होते म्हणून होते. अण्णा तिसऱ्या रांगेकडे पाहत नव्हते. ते सरळ समोर पाहत होते, ताल देत होते आणि सात बोटे दाखवून थांबले होते. गाडी पुकारली गेली होती.

मी उभी राहिले. आधी श्वास ऐकू आला असावा. मग शब्द आले. "चिंचोळी, चिंचोळी, हायवे ओलांडून जायची, मन्नाएखेळ्ळी उतरणारी, दाराजवळ ऱ्हायची!"

अण्णांनी पेन्सिल कानावर खोचली, वाकून नमस्कार केला आणि गाडी सोडताना करतात तसा हात केला. त्या कार्यक्रमाचा एकूण कालावधी माझ्याकडे नोंदलेला नाही. उठण्याच्या गडबडीत मी स्टॉपवॉच बंद करायला विसरले. वहीत एवढेच आहे: बोलण्यासाठी स्वरतंतूंचा वापर, शून्य सेकंद.

त्यांच्याकडून मला जे मिळाले ते मोजण्याचे साधन माझ्याजवळ नाही, आणि असे म्हणणे माझ्या शिस्तीत बसत नाही. तरीही लिहून ठेवते: माझ्या पुढे येऊन बसणाऱ्या प्रत्येक रुग्णाला मी आधी विचारते की तुमच्या घरी जनावरांना कशी हाक मारतात. छापील कागद मी नंतर काढते.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. मी गावी निघाले होते. चिंचोळीची गाडी सातव्या फलाटाला लागलेली. मी दाराजवळ उभी. काचेच्या खोलीत अण्णा माईकशी बसले होते, पण बटण बंद होते. त्यांनी माझ्याकडे पाहून स्वतःच्या डाव्या मनगटावर बोट ठेवले. डावे, म्हणजे बरोबर चालणारे. मी पिशवीतून स्टॉपवॉच काढले. त्यांनी बटण दाबले, खोल श्वास घेतला आणि माझ्या गावाचे नाव पुकारले. शेवटची 'ई' त्यांनी सोडली नाही.

ती स्थानकाच्या छपराखाली पसरत गेली. चहावाला थांबला. एक म्हातारी पायरीवर पाय ठेवून तशीच राहिली. आवाज किंचित खरखरीत होता, पण कोठे तुटत नव्हता. ड्रायव्हरने खिडकीतून डोके बाहेर काढले.

"ओ कंट्रोलर! गाडी सोडू का हितंच मुक्काम करू?"

अण्णांनी त्याला हातानेच थांबवले, डोळे मिटले आणि उरलेली हवा संपवली. मी स्टॉपवॉचचे बटण दाबले. गाडी हलली, आणि काचेमागचे पेन्सिल खोचलेले डोके वळणापर्यंत दिसत राहिले.

अकरा पूर्णांक चार सेकंद.